परसातले तळे हिरवे होण्याआधी

दिवस मोठे होऊ लागले, ऊन तळ्यावर सहा-सात तास टिकू लागले की परसबागेतल्या लहान तळ्याचे पाणी आठ-दहा दिवसांत रंग बदलते. आधी तळ दिसेनासा होतो, मग मासे, आणि एखाद्या सकाळी सगळे पाणी दाट हिरवे झालेले असते. सर्वाधिक चुका याच दिवसांत होतात. कोणी सगळे पाणी उपसून नवे भरतो, कोणी मूठभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकून मोकळा होतो. पाणी चार दिवस स्वच्छ दिसते आणि पुन्हा हिरवे होते, बहुतेकदा आधीपेक्षा जास्त. शेवाळ ज्यावर जगते ते खाद्य पाण्यातच राहिले तर ते परत येणारच. म्हणून या हंगामातले सगळे काम त्याचे खाद्य तोडण्याचे आहे. हे काम दिवसांचे नाही, आठवड्यांचे आहे, हे आधीच मनाशी धरा.

सुरुवात ओळखण्यापासून करा. एक काठी पाण्यात फिरवून वर काढा. काठीला हिरव्या केसांसारखे लांब तंतू गुंडाळून आले तर ते तंतुमय शेवाळ. हे पाणी नितळ असतानाही वाढते, दगडांना आणि कमळाच्या देठांना चिकटते आणि दुपारी बुडबुड्यांसकट वर तरंगते. काठीला काहीच लागले नाही, पण ग्लासात घेतलेले पाणीच हिरवे दिसले, तर ते पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ. तिसरा प्रकार वेगळा आहे. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळसर साय, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमलेली, कुजकट वासाची, काठीला तंतू न येता रंगासारखी लागणारी. हे निळे-हिरवे शेवाळ असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या काही जाती यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक विष तयार करतात, आणि असे पाणी पिऊन कुत्री आणि गुरे दगावतात. अशी साय दिसली तर मुलांना व जनावरांना तळ्यापासून दूर ठेवा, ते पाणी झाडांच्या पानांवर फवारू नका, उघड्या हाताने साय काढू नका.

आता खाद्याचे बघू. शेवाळाला ऊन, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) लागते. शेतात आपण नत्र-स्फुरद मोजून देतो, तळ्यात तेच न मोजता जाते: माशांचे उरलेले खाद्य, त्यांची विष्ठा, कुजलेली पाने, हिरवळीला टाकलेले खत, पावसाबरोबर वाहून आलेली माती. या दोघांपैकी हात घालायचा तो स्फुरदाला. कॅनडात 226 क्रमांकाच्या एका तलावात 1973 साली मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले, दुसऱ्यात त्याबरोबर स्फुरदही. स्फुरद मिळालेला भागच हिरवागार झाला. कारण सोपे आहे. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या अनेक जाती हवेतला नत्र स्वतः ओढून घेतात, भातखाचरात त्यांचा उपयोग होतो तो त्याचमुळे. नत्र कमी केले तरी त्यांचे भागते. स्फुरद मात्र हवेतून मिळत नाही, ते बाहेरूनच तळ्यात यावे लागते. येण्याच्या वाटा बंद करणे आपल्या हातात आहे.

पहिली वाट माशांच्या खाद्याची, आणि माझ्या मते निम्म्या तळ्यांचा प्रश्न इथेच सुटतो. मासे तीन-चार मिनिटांत संपवतील तेवढेच टाका. तळाशी गेलेला प्रत्येक दाणा शेवाळाचा आहे. पाणी हिरवे असताना आठवडाभर खाद्य निम्मे केले किंवा एखाद-दोन दिवस दिलेच नाही, तरी निरोगी मोठे मासे उपाशी मरत नाहीत. माशांची संख्याही प्रामाणिकपणे मोजा. हौसेने आणलेली बोटभर पिल्ले दोन वर्षांत वीतभर होतात, आणि तेवढ्याच पाण्यात घाण कितीतरी पटींनी वाढते. गर्दी झाली असेल तर काही मासे दुसऱ्या तळेवाल्याला द्या, ओढ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका.

दुसरी वाट काठाची. तळ्याची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटे उंच हवी, म्हणजे खतमातीचे पाणी आत येत नाही. नसेल तर पहिल्या जोराच्या पावसाआधी दगड-मातीचा छोटा बांध घाला आणि काठापासून दोन-तीन मीटरपर्यंत रासायनिक खत किंवा शेणखत टाकू नका. कुंडीतल्या कमळाला खताची गोळी द्यायचीच असेल तर ती मातीत खोल दाबा आणि वर जाड रेतीचा थर द्या.

तिसरी वाट गाळाची. तळाशी साचलेला काळा गाळ हा साठवलेल्या स्फुरदाचा कोठार आहे. पाणी तापले आणि तळाशी प्राणवायू संपला की त्यातले स्फुरद परत पाण्यात सुटते. तरीही भर उन्हाळ्यात सगळा गाळ ढवळून काढू नका, मासे गुदमरतील. दर आठवड्याला एका कोपऱ्यातला थोडासा गाळ बारीक जाळीने किंवा पाईपच्या सायफनने काढा. तो पाण्याने पातळ करून फुलझाडांना घाला, उत्तम खत आहे. अंगठ्याएवढ्या थराला हात नाही लावला तरी चालतो.

तंतुमय शेवाळ हातानेच काढावे लागते. खरखरीत काठीला किंवा बाटली घासायच्या लांब ब्रशला गुंडाळत काढा, एकदम ओढू नका, कमळाचे कोवळे देठ तुटतात. काढलेला गोळा काठावर तासभर ठेवा. त्यातले चतुरांचे बछडे, गोगलगायी, बेडकांची पिल्ले रांगत पाण्यात परत जातात. मग ते वाळलेल्या पानांबरोबर कंपोस्टमध्ये घाला. प्रत्येक टोपलीबरोबर नत्र आणि स्फुरद तळ्याबाहेर जाते. औषधाने मारलेले शेवाळ तिथेच कुजते आणि तेच नत्र-स्फुरद पाण्याला परत देते. कष्ट असले तरी हाताने काढणे मला म्हणूनच पटते. निळ्या-हिरव्या शेवाळाची साय मात्र हातमोजे घालून काढा आणि खाण्याच्या भाजीच्या वाफ्यापासून दूर पुरा.

सावलीकडे फार कमी लोक लक्ष देतात. उन्हाळ्यात तळ्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकलेला असावा. कमळ, कुमुदिनी यांची पाने ऊन अडवतात. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, हायड्रिलासारख्या नव्हे तर आवरता येतील अशा, पाण्यातले नत्र-स्फुरद शोषून शेवाळाचे ताट रिकामे करतात. जलपर्णी हे काम झपाट्याने करते, पण ती टोपलीत बांधून ठेवता येत असेल तरच वापरा आणि तिचा एकही तुकडा बाहेरच्या पाण्यात जाऊ देऊ नका. झाडे लावून लगेच फरक दिसत नाही. पाने पसरायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून लागवड पाणी कोमट होऊ लागताच करा, हिरवे झाल्यावर नव्हे.

पंप आणि फिल्टर असेल तर तो रात्रंदिवस चालू ठेवा. वीज वाचवायला रात्री बंद करणे ही घातक काटकसर आहे. फिल्टरमधले उपयोगी जीवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया नायट्रेटमध्ये बदलतात, त्यांना सतत प्राणवायू लागतो, आणि नव्या फिल्टरमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते आठ आठवडे जातात. स्पंज धुवायचा तो बादलीत काढलेल्या तळ्याच्याच पाण्यात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुतला तर ते जीवाणू मरतात आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. अतिनील (यूव्ही) दिवा, ज्याच्यासमोरून पंपाचे पाणी जाते, तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळावर खरोखर काम करतो, दगडावरच्या तंतूंवर त्याचा काहीही उपयोग नाही, कारण ते दिव्यासमोरून जातच नाहीत. दिवा पेटलेला दिसला तरी त्याचे किरण वर्षभरात क्षीण होतात, हंगामाच्या सुरुवातीला नवी नळी बसवा.

सगळे पाणी बदलू नका. नव्या पाण्यात ना जीवाणू असतात, ना शेवाळ खाणारे डॅफ्नियासारखे बारीक जीव. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात स्वतःचे नत्र-स्फुरदही असू शकते. बदलायचेच तर एका वेळी दहावा भाग, फार तर पाचवा. क्लोरीनचे पाणी उघड्या टाकीत एक दिवस ठेवून वापरा. पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असेल तर ते नुसते ठेवून जात नाही, त्यासाठी वेगळे द्रावण लागते.

जवाचा, म्हणजे सातूचा पेंढा पाण्यात सोडण्याचा उपाय बऱ्याच जणांनी ऐकला असेल. कुजताना त्यातून सुटणारी द्रव्ये नवे शेवाळ वाढू देत नाहीत, असलेले मारत नाहीत. म्हणूनच हिरवे झाल्यावर टाकलेला पेंढा निराश करतो. दर चौरस मीटरला 10 ते 25 ग्रॅम, सैल जाळीत भरून, पृष्ठभागाजवळ वाहत्या पाण्यात बांधावा, आणि तो ऊन तापण्याच्या महिनाभर आधी. सगळीकडे सारखा परिणाम दिसत नाही, करून बघायला हरकत नाही.

मोरचूद 1904 पासून शेवाळावर वापरले जाते आणि ते शेवाळ मारते हे खरेच आहे. पण माशांना मारणारी मात्रा आणि शेवाळाला मारणारी मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात ते जवळजवळ नाहीसे होते. गोगलगायी मरतात, तांबे गाळात साचत राहते. परसातल्या मासे असलेल्या तळ्यात मी ते टाकायला सांगणार नाही. कोणतेही औषध वापरायचे ठरवलेच तर आधी पाणी मोजा: लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, मीटरमध्ये, त्याला हजाराने गुणले की लिटर. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, 60 सेंटीमीटर खोल तळ्यात 3600 लिटर पाणी असते. गोल तळ्याला त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले खोली. अंदाजाने टाकलेले औषध हेच मासे मरण्याचे नेहमीचे कारण. शिवाय एका वेळी एक-तृतीयांश भागावरच उपचार करा आणि मधे दहा-बारा दिवस जाऊ द्या.

असे का, ते समजून घ्या. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढते. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. दाट हिरव्या तळ्यात पहाटेपर्यंत तो अगदी कमी होतो. त्यात सगळे शेवाळ एकदम मेले तर कुजवणारे जीवाणू उरलासुरलाही संपवतात. दुपारी वेगळाच धोका असतो: शेवाळ कर्बवायू ओढून घेते, पाण्याचा सामू (pH) 9 च्या वर चढतो, आणि एरवी निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी रूपात येतो. सामू 7 असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो, सव्वानऊला निम्मा.

म्हणून उन्हाळ्यात तळ्याची फेरी पहाटेच मारा. मासे तोंड वर करून पृष्ठभागावर हवा गिळताना दिसले तर थांबू नका: कारंजे किंवा हवेचा पंप सुरू करा, नसेल तर बादलीने पाणी उंचावरून परत परत तळ्यात ओता, थोडे ताजे क्लोरीनविरहित पाणी सोडा, आणि त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. ढगाळ, कोंदट, वारा पडलेल्या दिवसांनंतरची पहाट सर्वात जोखमीची.

पाण्याची नोंद ठेवायला पांढरी बशी काठीला आडवी बांधा आणि काठीवर सेंटीमीटरच्या खुणा करा. दर रविवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना ती पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. आकडा दर आठवड्याला घटत असेल तर पाणी डोळ्यांना चांगले दिसत असतानाच खाद्य कमी करा. 30 सेंटीमीटरच्या आत आला तर रात्री हवेचा पंप चालू ठेवायला लागा.