अदिंक्रा ठसा: आधी म्हण, मग नक्षी

रविवार पेठेतून मांजरपाट आणा, धुऊन खळ काढा, कडक इस्त्री करा. पण ठसा कोरायला बटाट्याला लगेच सुरी लावू नका. सदाशिव पेठेतल्या माझ्या वर्गात मी मुलांना आधी विचारते, कापड कुणाला द्यायचंय आणि त्या माणसाला सांगायचंय काय?

घानातल्या असांते लोकांच्या, कापडावर छापायच्या अदिंक्रा चिन्हांना बहुतेक वेळा एखाद्या म्हणीचा आधार असतो. अर्थ न कळता नुसती नक्षी उचलणं मला पटत नाही. बारसं असेल तर मी अकोको नान, म्हणजे कोंबडीचा पाय, सुचवते. कोंबडी पिलांवर पाय देते, पण त्यांना मारत नाही. आईबापांनी शिस्त लावावी ती अशी. शिक्षण अर्धवट सोडून पुन्हा कॉलेजला जाणाऱ्या मावशीला संकोफा द्या. तो पक्षी मान मागे वळवून पाठीवरचं अंडं चोचीत घेतो. विसरलेलं आणायला मागे फिरण्यात गैर काही नाही, असं तो सांगतो. आणि भावाभावांत वाटणीवरून धुसफूस असेल तर एकाच पोटाच्या दोन मगरी! घास कुणाच्याही तोंडात गेला तरी पोट एकच, पण भांडण चालूच. कोरायला हे चिन्ह अवघड आहे, तरी मला सगळ्यांत जवळचं वाटतं.

पहिल्या खेपेला मेंढ्याची शिंगं, द्वेन्निम्मेन, घ्या. बळ असूनही नम्र राहावं हा त्याचा अर्थ. दोन्ही बाजू सारख्या असल्याने ते उलटं उमटत नाही. संकोफा मात्र आरशात दिसतो तसा कोरावा लागतो.

घानातल्या कुमासी शहराजवळच्या न्तोन्सो गावात वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे ठसे करतात आणि झाडाची साल कुटून, उकळून, आटवून काळी शाई बनवतात. आपल्याला बटाटा आणि काळा फॅब्रिक कलर पुरे. कापलेला बटाटा फडक्याने कोरडा करा, नाहीतर रंग फुटतो. रंग स्पंजने लावा. तिथले कारागीर शाईत बुडवलेल्या फणीने आधी चौकटी आखतात. आपली जाड दातांची फणीही चालते; हात न थांबवता एका दमात ओढा. मग एकेका चौकटीत ठसा दाबा.

कापडाच्या रंगाकडेही लक्ष द्या. गडद तांबडं किंवा काळं अदिंक्रा कापड तिकडे दुखवट्याला नेसतात, त्यामुळे बारशाला पांढरंच बरं. छापलेलं कापड रात्रभर वाळवा, उलट्या बाजूने इस्त्री फिरवा आणि देताना म्हण चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.