शिकवणीची फी तासावर नको, महिन्यावर घ्या

पेटी, तबला किंवा गायनाची खाजगी शिकवणी घेताना प्रत्येक तासाचे पैसे वेगळे घेतले, की चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) महिन्यात मिळकत निम्म्यावर येते. त्यापेक्षा वर्षाचा हिशेब आधी करा. ५२ आठवड्यांतून चवथ, दिवाळी, नाताळ, शिगमो (गोव्यातला होळीच्या वेळचा उत्सव) आणि शाळेच्या परीक्षा मिळून ८ आठवडे वजा केले, तर आठवड्याला एक याप्रमाणे ४४ तास उरतात. तासाला ३०० रुपये धरल्यास १३,२०० होतात. म्हणजे बाराही महिने सारखेच १,१०० रुपये, ५ तारखेच्या आत, आगाऊ. सुट्ट्या यात धरलेल्या आहेत हे पालकांना प्रवेशावेळीच लिहून द्या, नाहीतर ‘चवथीत तर वर्गच नव्हते’ हा वाद ठरलेला.

खरी कसोटी बुडालेल्या तासांची. आदल्या दिवशी कळवलं तर महिन्यात एकच तास भरून द्यावा, तोही त्याच महिन्यात. पुढे ढकलत गेलात तर मे महिन्यात थकलेल्या तासांचा ढीग लागतो. तुम्ही स्वतः कार्यक्रमाला गेलात तर मात्र तो तास बिनशर्त भरून द्या. संगीताच्या परीक्षेचं शुल्क वेगळं घ्या. यूपीआयने पैसे आले तर मुलाचं नाव आणि महिना लिहायला सांगा, कारण पैसे बहुधा आईच्या किंवा काकाच्या खात्यातून येतात.