लाकडी फ्लोअरवर पाण्याचं अंडरफ्लोर हीटिंग: पाईप मागवायच्या आधीची तयारी

इंग्लंडमध्ये जुनं टेरेस हाऊस, म्हणजे रांगेतलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर, घेतलं की पहिल्याच जानेवारीत पायांना कळतं, खाली जमीन नाहीये, फळ्या आहेत आणि फळ्यांखाली वारा खेळतोय. आमचं घर १९०० च्या आसपासचं, खालचा अख्खा मजला लाकडी, आणि पुण्याहून बाबा आले की घरातसुद्धा दोन-दोन मोजे घालून बसायचे, ते बघवेना म्हणून पाण्याचं अंडरफ्लोर हीटिंग, म्हणजे फ्लोअरखालच्या पाईपांतून गरम पाणी फिरवायचं ठरवलं. तेही लो-प्रोफाइल, म्हणजे जुन्या फळ्या तशाच ठेवून त्यावर १५ ते २२ मिमीमध्ये सगळं बसवायचं. काम छान झालं, पण खरी मेहनत तयारीत गेली, आणि सध्या ज्यांची कोटेशनं चालू आहेत त्यांच्यासाठी ती इथे लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी फळ्या उघडा. थर्मोस्टॅट कुठला, ॲप कुठलं हे नंतर बघता येतं. बाहेरच्या भिंतीजवळच्या दोन-तीन फळ्या उचला, टॉर्च घेऊन पालथं पडा आणि जॉइस्टची, म्हणजे फळ्यांखालच्या तुळयांची, भिंतीत जाणारी टोकं टोचून बघा. आमच्याकडे मागच्या भिंतीला दोन टोकांत स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला, कारण मागचा पॅटिओ कधीतरी इतका उंच केलेला की एअरब्रिक, म्हणजे फळ्यांखाली हवा खेळावी म्हणून भिंतीत बसवलेल्या भोकांच्या विटा, निम्म्याहून जास्त मातीत गाडल्या गेल्या होत्या, हवा बंद झाली, ओल कोंडली आणि लाकूड कुजलं. टोकं कापून नवीन लाकूड जोडलं, एअरब्रिक मोकळ्या केल्या, मगच पुढे गेलो. वर पाईप आले की हे परत उघडता येत नाही, त्यामुळे इथे घाई करू नका प्लीज. फळ्या उघड्या आहेत तेवढ्यात खालचे गॅसचे, पाण्याचे पाईप आणि वायरी कुठून जातात त्याचे फोटो काढून ठेवा. आणि कुठे काळ्या डांबरी गोंदावर जुन्या टाइल्स दिसल्या तर खरवडू नका, आधी ॲस्बेस्टॉसची टेस्ट करून घ्या, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं होतं.

मग इन्सुलेशन. जॉइस्टच्या मधे जाळी ताणून मिनरल वूल भरा किंवा १०० मिमीचे पीआयआर (कडक फोमचे) बोर्ड घट्ट बसवा, नाहीतर अर्धी ऊब खालच्या पोकळीत जाते आणि बिल तुम्ही भरता. फक्त एअरब्रिकच्या हवेची वाट अडवू नका. त्यानंतर करकरणारी प्रत्येक फळी प्रत्येक जॉइस्टला स्क्रूने आवळून घ्या, कारण खाली जरा जरी हललं तरी वरच्या टाइल्सचं ग्राऊट तडकतं.

आता आकडे. एका कंपनीने खोली न बघता फोनवरच कोटेशन दिलं, तसलं घेऊ नका, खोलीगणिक हीट लॉस, म्हणजे थंडीत खोलीतून किती ऊब बाहेर जाते त्याचा हिशोब, मागा. गणित साधं आहे, फ्लोअर आणि खोलीतल्या हवेत १ अंश फरक असेल तर चौरस मीटरला साधारण ११ वॅट मिळतात. लाकडी फिनिश २७ अंशांच्या वर न्यायचं नसतं, खोली २० ला ठेवायची म्हटली तर हातात ७५ वॅटच्या आसपास येतात, आणि जुन्या, सिंगल ग्लेझिंगवाल्या (एकेरी काचेच्या खिडक्यांच्या) खोलीची गरज १०० च्या वर जाऊ शकते. तसं निघालं तर आधी खिडक्या करा किंवा एक रेडिएटर ठेवा. किचन युनिट आणि फिक्स कपाटांखाली पाईप जात नाही, तेवढा एरियासुद्धा वजा करायचा.

सिस्टीम दोन तऱ्हेच्या. एकात खाचा पाडलेले बोर्ड असतात, त्यात पाईप दाबायचा आणि कोरडंच काम. दुसऱ्यात अंड्यांच्या ट्रेसारखं पॅनल चिकटवून त्यावर लेव्हलिंग कंपाऊंड ओततात, ते लाकडावर चालणारं फायबरवालं लवचिक हवं, आणि २० मिमीच्या थराचं वजन चौरस मीटरला ३५-४० किलो भरतं, म्हणून जॉइस्ट झेपवतील का ते विचारूनच घ्या. पाईप १२ मिमीचा असेल तर एक लूप, म्हणजे पाईपचा एक अखंड फेरा, साधारण ८० मीटरच्या आत ठेवतात. १४ चौरस मीटरच्या खोलीत १५० मिमी अंतराने ९० मीटरच्या वर पाईप लागतो, म्हणजे त्या एका खोलीला दोन लूप, आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे जिथून सगळ्या लूपना पाणी वाटलं जातं त्या जोडणीवर, तेवढे पोर्ट धरायचे. मॅनिफोल्डची जागाही आत्ताच ठरवा, तिथे पंप, मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि विजेचा पॉइंट लागतो.

२० मिमी ऐकायला काहीच वाटत नाही, पण टेप घेऊन घरभर फिरा. दारं खालून कापावी लागतात, डिशवॉशर ओट्याखाली अडकतो, आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते, रात्री उतरताना पाय चुकतो तो तिथेच. आम्ही याच कारणासाठी हॉल सोडला, तिथे रेडिएटर ठेवला आणि दारात उतरती पट्टी लावली.

वर कार्पेट हवं असेल तर अंडरलेसकट (कार्पेटखालच्या मऊ थरासकट) टॉग, म्हणजे ऊब अडवण्याचं माप, २.५ च्या आत हवा, लो-प्रोफाइलला १.५ च्या आत असेल तर उत्तम. लाकूड हवं तर सॉलिडच्या ऐवजी इंजिनिअर्ड (थर चिकटवून बनवलेलं) घ्या, आणि ते आठवडाभर आधी आणून त्याच खोलीत ठेवा.

झाकायच्या आधी पाण्याने ६ बारला प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि काम चालू असताना प्रेशर तसंच राहू दे, म्हणजे कुणाचा स्क्रू पाईपला लागला तर काटा लगेच खाली येतो. फ्लोअरखाली एकही जॉइंट नको. शेवटी भिंतीपासून टेप पसरून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. आम्ही ते प्रिंट करून मॅनिफोल्डच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, म्हणजे दाराचा स्टॉपर बसवायला कुणी आलं तरी ड्रिल लावायच्या आधी दाखवता येतात.