प्रिंटमध्ये गाडीचा बंपर कापला जाऊ नये म्हणून

व्हिंटेज गाड्यांची छायाचित्रे ऑनलाइन गॅलरीतून विकताना ग्राहकाने ८ × १० इंचांचा आकार निवडला, की गाडीचा पुढचा बंपर किंवा मागचा दिवा अनेकदा कापला जातो. कारण बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांची चौकट ३:२ प्रमाणाची असते आणि ६००० × ४००० पिक्सेलच्या चित्रातून या आकारासाठी रुंदीचे १००० पिक्सेल गळतात.

१. संपूर्ण गाडी दाखवणाऱ्या चित्रांसाठी ८ × १२, १२ × १८ आणि २० × ३० इंच हे ३:२ प्रमाणाचेच आकार विक्रीला ठेवावेत.

२. ८ × १० इंच द्यायचाच असेल, तर त्या मापाची वेगळी फाइल करून चित्र पूर्ण रुंदीत बसवावे आणि वर-खाली सुमारे दोन तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी सोडावी. कापलेल्या बंपरपेक्षा ही पट्टी भिंतीवर कितीतरी शोभून दिसते.

३. पुढच्या वेळी टिपतानाच गाडीभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी.

मात्र आधीच निम्म्या रुंदीपर्यंत कापलेले चित्र २० × ३० इंचांत विकू नये. त्यात इंचाला जेमतेम १०० पिक्सेल उरतात आणि क्रोमची झळाळी पुसट होते.