फायरफॉक्समधली विकलेली जागा

सीताबर्डीतल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाऊ, हे फायरफॉक्स फुकटात कसं काय देते?" शोधायच्या पट्टीतली पहिली जागा विकून. फायरफॉक्सच्या कमाईतला सुमारे ८५ टक्के वाटा गूगलकडून येतो, असं ते ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या वित्तप्रमुखांनीच मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात सांगितलं. मला त्यात पाप दिसत नाही, इंजिनिअरांचे पगार त्यातूनच निघतात. पण माझ्या मशीनवर त्या जागी कोण बसणार, ते मी ठरवीन.

आधी खूण बघा. वरच्या पट्टीत ‘झिरो माईल’ टाइप करून एंटर मारा आणि निकालाच्या पानाचा पत्ता शेवटपर्यंत वाचा. ‘क्लायंट’ला चिकटून ‘फायरफॉक्स’ दिसेल. गिऱ्हाईक कोणी पाठवलं, त्याची ही चिठ्ठी. नव्या आवृत्तीत पत्त्याऐवजी तुमचेच शब्द दिसत असतील, तर सेटिंग्जच्या सर्च विभागात तो पर्याय बंद करा.

त्याच विभागात सगळ्यात वर डिफॉल्ट सर्च इंजिन आहे. तिथे डकडकगो निवडा. (त्याच्याशीही मोझिलाचा करार आहे बरं का.) करार नसलेलं हवं, तर मराठी विकिपीडिया उघडून पत्त्याच्या पट्टीवर राइट क्लिक करा, सर्च इंजिन जोडायचा पर्याय येतो. मग सर्च शॉर्टकट्सच्या यादीत त्याला ‘वि’ हा कीवर्ड द्या. ‘वि अंबाझरी’ लिहिलं की थेट विकिपीडियात शोध. पोरांच्या प्रोजेक्टला हे फार कामाचं.

आता कोणी म्हणेल, कोड खुला आहे तर करारच उपटून टाकू. टाका, परवान्यात मुभा आहे. लिब्रवुल्फवाल्यांनी तसंच वेगळं ब्राउझर काढलंय. मात्र बदललेल्या ब्राउझरला फायरफॉक्स हे नाव मोझिलाला न विचारता लावता येत नाही. नाव-लोगोच्या याच भांडणातून डेबियन या दुसऱ्या लिनक्सने २००६ पासून २०१६ पर्यंत तो आइसवीझल नावाने दिला. मिंट उलट्या वाटेने गेलं: आधी स्वतःचे सर्च भागीदार बसवायचं, जानेवारी २०२२ मध्ये मोझिलाशी करार करून मोझिलाचेच ठेवले. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही नाही.

आणि हो, ब्राउझर अडकला म्हणून ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ दाबलंत, तर जोडलेली इंजिनं उडतात. ती पुन्हा जोडा.