आधी चित्र, मग कव्हर: लहान मुलांसोबत ॲक्टिव्हिटी बुक सजवताना

तीन ते पाच वर्षांच्या मुलासोबत ॲक्टिव्हिटी बुकला कव्हर घालायचं, तर आपण बहुतेक उलट्या क्रमाने जातो. आधी पुस्तकाला कागद चढवतो आणि मग मुलाला म्हणतो, "आता रंगव." मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. ओल्या रंगाने कागद फुगला, पुठ्ठा होडीसारखा वाकला आणि आतली पहिली चार पानं एकमेकांना चिकटली. तेव्हापासून आमच्या घरी मोठा कागद जमिनीवर पसरून आधी चित्र काढतात, ते वाळलं की कव्हर चढतं.

मापं (हे काम मोठ्यांचं)

ए-फोर आकाराचं पुस्तक 21 सेंमी रुंद आणि 29.7 सेंमी उंच असतं. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे मिळून 42, कण्यासाठी साधारण 1, आणि दोन्हीकडे आत दुमडायला 7-7 सेंमी, म्हणजे रुंदी झाली 57. उंचीला वर-खाली 2-2 सेंमी जास्त धरा, एकूण 34. ए-टू आकाराच्या ड्रॉइंग पेपरमधून एवढा तुकडा आरामात निघतो. कार्डशीट घेऊ नका. जाड असते आणि घडीवर तडकते. फार पातळ कागदही पाण्याने फाटतो.

आता मागच्या बाजूने पेन्सिलीने रेषा आखा: दुमड, मागचा पुठ्ठा, कणा, पुढचा पुठ्ठा, दुमड. मग कागद उलटून चारही कडांवर छोट्या खुणा करा, म्हणजे मुलाला कुठे रंगवायचं ते दाखवता येईल. एक गोष्ट हमखास चुकते: कागदाची बाहेरची बाजू वर असताना पुढचं कव्हर उजवीकडे येतं. आमची एक मांजर याच गोंधळात कायमची पाठीमागे जाऊन बसली. वरची कड कोणती, तेही बाण काढून ठेवा, नाहीतर मूल कागदाभोवती फिरत रंगवतं आणि घर डोक्यावर उभं राहतं.

रंगकाम (हे काम त्याचं)

ठसे, बोटांचे रंग, कागदाचे कपटे, काहीही चालेल, पण एका वेळी एकच ठेवा. माझी पसंती मेणखडू आणि पातळ जलरंगाला. मुलाला पांढऱ्या मेणखडूने दाबून रेघोट्या मारू द्या. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ते जरा संशयानेच बघतं. मग भरपूर पाणी घातलेला निळा रंग जाड ब्रशने वरून फिरवायला सांगा. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून रेघोट्या तेवढ्या कोरड्या राहतात आणि एकेक करून उमटतात. ब्रश थांबतो, तोंड उघडं राहतं, आणि लगेच "अजून एक कागद" अशी मागणी येते. तो दुसरा कागद आधीच जवळ ठेवा.

रंग जाड थरात नको, विशेषतः कण्याच्या आणि दुमडीच्या रेषांवर. घडी पडली की तिथून पापुद्रे निघतात. टिकल्या, मणी, बटणंही मी वगळते. पुस्तक रोज दप्तरात कोंबलं जाणार, ती दोन दिवसांत गळणार, आणि घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर ती तोंडात जायची भीती वेगळीच.

कात्री हवीच असेल तर गोल टोकाची द्या आणि कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या हातात द्या. एका कापात तुकडा पडला पाहिजे. लांब रेषेवर कापत जाणं या वयाला जड जातं. त्यापेक्षा हाताने कागद फाडणं उत्तम. तुकडे चिकटवायला ग्लू स्टिक वापरा, ओल्या गोंदाने कागदाला सुरकुत्या पडतात.

दहा-पंधरा मिनिटांत ते उठून गेलं तर जाऊ द्या. उरलेली जागा आपण भरायची नाही. हा मोह मला अजून आवरत नाही, पण भरलेली जागा मुलांना बरोबर ओळखू येते. नावही त्यालाच लिहू द्या. अक्षर उलटं पडलं, शिरोरेघ डोंगर चढून गेली, तरी खोडरबर लांब ठेवा.

कव्हर चढवणं

कागद रात्रभर वाळू द्या. मग जड पुस्तकांखाली काही तास दाबून ठेवला की बराचसा सपाट होतो.

आधी वरची आणि खालची 2 सेंमीची पट्टी सबंध लांबीभर आत दुमडा. कागदावर पुस्तक ठेवून एका बाजूची दुमड पुठ्ठ्यावर घ्या. दुसरी घडी घालण्यापूर्वी पुस्तक मिटा. उघड्या पुस्तकावर मापून घडी घातली तर मिटताना कव्हर कमी पडतं आणि पुठ्ठा ताणला जातो. दुमडी वर-खालच्या पट्ट्यांनाच चिकटपट्टीने जोडा, पुस्तकाला नको. घडीवरून नख फिरवायचं काम मुलाला द्या, त्यांना ते फार आवडतं.

स्पायरलच्या पुस्तकाला हे जमत नाही. तिथे चित्र पुढच्या पुठ्ठ्याच्या मापाने कापून नुसतं चिकटवा.

पुस्तक संपलं की कव्हर सरकवून काढता येतं. त्याच्या आतल्या बाजूला तारीख आणि चित्राबद्दल मुलाने सांगितलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. आमच्या निळ्या कव्हरवर लिहिलंय, "हा पाऊस आहे, पण तो झोपलाय."