गडावर मुक्काम करताय? सामान गायब होतं, जनावर जवळ येतं, त्यामागच्या या चुका टाळा

सकाळी गुहेबाहेर बुटांच्या जोडीतला एकच बूट उरलेला असतो. सॅकच्या कोपऱ्याला भोक पडलेलं असतं. रात्री नीट बांधून ठेवलेली चिवड्याची पिशवी कुठेच सापडत नाही. नाशिक परिसरातल्या साल्हेर, धोडप, हरिहर, अलंग-मदन-कुलंग, पट्टा या गडांपैकी कुठेही मुक्काम करणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी. त्यांच्या जोडीला दुसरी तक्रार असते ती ‘रात्री तंबूजवळ काहीतरी फिरत होतं’ ही. माझ्या मते या दोन तक्रारी वेगळ्या नाहीतच. अंधार पडायच्या आधी तुम्ही खाणं, बूट आणि अंथरूण कुठे ठेवलंत, त्यावर दोन्ही गोष्टी ठरतात. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन केलेल्या धावपळीचा फारसा उपयोग होत नाही, उलट खरा धोका त्या धावपळीतच असतो.

गायब झालं की आधी चोर ओळखा

सामान गेलं की पहिला संशय माणसावर जातो, तोही बऱ्याचदा पायथ्याच्या गावातल्या माणसावर. हे फार वाईट आहे. ज्या घराने आपल्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली, त्याच घराकडे बोट दाखवायच्या आधी जागा नीट बघा. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

उंदीर असेल तर सॅकला पडलेलं भोक साधारण रुपयाच्या नाण्याएवढं असतं. कडा बारीक कातरलेल्या असतात, खाली कापडाचा भुसा आणि काळ्या लेंड्या असतात. ते भोक बहुधा बाजूच्या कप्प्याला असतं, कारण अर्धवट खाल्लेल्या चिक्कीचा कागद आपण तिथेच कोंबलेला असतो. मुक्कामाच्या गुहांमध्ये वर्षानुवर्षं माणसं जेवत आली आहेत, त्यामुळे तिथल्या उंदरांना सॅक म्हणजे काय ते चांगलं कळतं. कुत्रा किंवा कोल्हा असेल तर वस्तू ओढत नेल्याची खूण मातीत दिसते आणि वस्तू सापडली तर ती लाळेने ओली, चावलेली असते. माकडं रात्री झोपतात. अंधारात गेलेल्या वस्तूचा आळ त्यांच्यावर घेऊ नका. पहाटे उजाडल्यानंतर गेली असेल तर मात्र घ्या, आणि आसपास वेष्टनं विखुरलेली आहेत का ते बघा.

हलक्या वस्तू गेल्या आणि जड तशाच राहिल्या, तर तो वारा. साल्हेरसारख्या 1567 मीटर उंचीच्या गडाच्या माथ्यावर कॅरीमॅट, ताटल्या, वाळत घातलेले मोजे क्षणात कड्यापलीकडे जातात. शनिवार-रविवारच्या गर्दीत आणखी एक प्रकार होतो: दोन ग्रुपच्या सारख्या रंगाच्या सॅक अदलाबदल होतात. सॅकच्या पट्ट्याला भडक रंगाची चिंधी बांधली की हा घोळ टळतो. आणि खाणं जागच्या जागी आहे, फक्त मोबाईल आणि पॉवर बँक गेली, तर मात्र जनावराला दोष देण्यात अर्थ नाही.

खाणं उशाशी घेऊन झोपू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. ‘उघड्यावर ठेवलं तर जाईल, म्हणून जवळ ठेवतो’ असा विचार करून लोक फरसाण, ठेपले, फळं तंबूत उशाशी घेतात. उंदीर मग तंबूचं कापड फाडून आत येतो, आणि उंदराच्या मागावर साप येतो. हा क्रम फार सरळ आहे.

खाणं स्टीलच्या डब्यात ठेवा. घट्ट बसणाऱ्या क्लिपचा साधा डबा चालतो. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो, कॅरीबॅग तर त्याला अडथळाच वाटत नाही. दोरीला पिशवी टांगूनही भागत नाही, उंदीर दोरीवरून सहज उतरतो. सगळ्यांचं खाणं एकाच मोठ्या डब्यात किंवा दोन डब्यांत गोळा करा, झाकणावर जड दगड ठेवा आणि ते झोपायच्या जागेपासून तीसेक पावलं लांब ठेवा. स्वयंपाकही तिथेच करा. सॅक पूर्ण रिकामी करून कप्पे उघडे ठेवले तर उंदीर आत डोकावून निघून जातो, कापड फाडायची वेळ त्याच्यावर येत नाही. हा उपाय कोणी फारसा करत नाही, पण सॅक वाचते.

सुकट, बोंबील गडावर नेऊच नका. वास कितीतरी लांब जातो. भांडी झोपायच्या आधी घासा, खरकटं पिशवीत घट्ट बांधून खाली आणा. पुरलेलं खरकटं रात्रीच उकरलं जातं.

गावातल्या कुत्र्याला सोबत नेऊ नका

ही गोष्ट अनेकांना पटत नाही. पायथ्याच्या गावातलं कुत्रं बिस्किटाच्या आशेने मागे मागे चालत वर येतं, आपल्यालाही ते राखणदार वाटतं, रात्री तंबूला टेकून झोपतं. बूट पळवणारं जनावर बहुतेक वेळा हेच असतं, कारण घामट चामड्याचा वास त्याला आवडतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. तंबूच्या दाराशी झोपलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण. निघतानाच गावातल्या कोणाला तरी सांगून कुत्र्याला अडवून घ्या, आणि वाटेत बिस्कीट देऊ नका. आला तरी त्याचं जेवण तंबूपासून लांब ठेवा. रात्री तो अचानक भुंकायचा थांबून माणसांच्या मागे दडायला लागला, तर बाहेर जाऊन बघायचं नाही. आत राहायचं, सगळ्यांना जागं करायचं, मोठ्याने बोलत राहायचं.

बिबट्याची भीती गडावर धरायची की खाली?

नाशिकचा बिबट्या फक्त जंगलात राहत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यातल्या उसात त्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती आहे. उसात आडोसा, पाणी, डुकरं, कुत्री सगळं मिळतं. त्यामुळे रात्री उशिरा मोटारसायकलने पायथ्याला पोहोचायचा बेत असेल, तर गडाच्या माथ्यापेक्षा उसाच्या कडेच्या त्या शेवटच्या काही किलोमीटरची काळजी मला अधिक वाटते. अंधार पडायच्या आत पायथ्याचं गाव गाठा. नाहीच जमलं तर गावात झोपा आणि पहाटे चढा. रात्रीच्या चढाईतली मजा मी नाकारत नाही, पण दोघा-तिघांनी, एका टॉर्चवर, शेतातून चालत जाणं मला मान्य नाही.

मुक्कामाच्या जागी सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे रात्री एकट्याने आडोशाला जाणं. खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. शक्यतो अंधार पडायच्या आत उरका, नाहीतर दोघांनी जा, टॉर्च चारी बाजूंना फिरवा, बोलत राहा.

बिबट्या समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली वाकू नका. मुलं असतील तर त्यांना उचलून घ्या. हात किंवा सॅक डोक्यावर धरून मोठे दिसा, जोरात ओरडा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. मोबाईल काढून त्याच्या मागे जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. नंतर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा, कारण पुढच्या ग्रुपला आणि गावालाही ते कळायला हवं.

पाण्याच्या टाक्याला खेटून तंबू नको

पाणी जवळ हवं म्हणून लोक टाक्याच्या काठावरच तंबू लावतात. रात्री जनावरांची पाण्यावर यायची वाट तीच असते. पावसाळ्यात तिथे बेडूक जमतात आणि बेडकांसाठी साप. दिवसा पाणी भरून ठेवा आणि टाक्यापासून लांब झोपा.

सापाच्या बाबतीत होणाऱ्या चुका

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माहितीअभावी जीव जातो तो इथे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. फुरसं लहान असतं, खडकाळ भागात, दगडांच्या फटीत राहतं. सरपण गोळा करताना अंधारात दगड-लाकडांखाली हात घालणाऱ्याला ते चावतं. सरपण उजेडी गोळा करा, आणि आधी काठीने हलवा.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक असतात की अनेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. म्हणून सकाळी कोणी ‘पोटात दुखतंय’, ‘उलटी होतेय’ म्हणाला, तर कालच्या मिसळीला दोष देऊन बसू नका. त्याच्या डोळ्यांकडे बघा. पापण्या जड होऊन खाली येत असतील, बोलायला किंवा गिळायला जड जात असेल, तर मण्यार चावल्याचंच गृहीत धरा आणि त्याच क्षणी खाली न्यायची तयारी सुरू करा. दंशाची खूण शोधत अर्धा तास घालवू नका.

टाळायचं कसं, तर गुहेत भिंतीला चिकटून झोपू नका, फटी टॉर्चने तपासा, जमीन झाडून घ्या. तंबूची चेन सतत बंद ठेवा, अगदी दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरीही. स्लीपिंग बॅग संध्याकाळीच पसरून ठेवू नका, झोपायच्या वेळी झटकून पसरा.

साप चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने करकचून आवळणं, झाडपाला लावणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय ट्रेकिंग पोल बांधून स्थिर ठेवा. शक्यतो त्याला चालू देऊ नका. चादरीची झोळी करून किंवा पाठुंगळी घेऊन उतरवा. साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नसते, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच असते. 108 ला फोन करून पायथ्याला रुग्णवाहिका बोलवा. म्हणूनच मुक्कामाला पोहोचल्यावर पहिलं काम काय, तर माथ्यावर रेंज नेमकी कुठे येते ती जागा उजेडातच शोधून सगळ्यांना दाखवणं. वाटेवर कुठेतरी बुवा-मांत्रिकाकडे थांबायचा आग्रह झाला, तर हात जोडा आणि पुढे निघा.

विंचवासाठी सोपी सवय लावा: बूट तंबूच्या आत, पिशवीत, तोंड बांधून. सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायचे. असं केलं तर बूट पळवला जाण्याचा प्रश्नही त्याच पिशवीत सुटतो. लाल विंचवाचा दंश किरकोळ समजू नका. भरपूर घाम, उलट्या, हातपाय थंड पडणं दिसलं तर दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या दंशातले मृत्यू किती कमी करता येतात हे दाखवून दिलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. उपचार आहे, फक्त वेळेत पोहोचायला हवं.

माकडं आणि मधमाश्या

हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर हातात कॅरीबॅग किंवा सॅकच्या बाजूला बाटली लटकलेली असेल, तर लाल तोंडाची माकडं ती ओढतातच. ओढाताण करू नका. सोडून द्या. पाणी परत मिळेल, तोल गेला तर काही परत मिळणार नाही. खाणं सॅकच्या आत ठेवा आणि दोन्ही हात खोबण्यांसाठी मोकळे ठेवा.

कड्याला लागलेलं आग्या मोहोळ दिसलं, तर त्याखाली चूल पेटवू नका, दगड मारू नका, तिथे मोठ्याने गाणी लावू नका. मधमाश्या उठल्या तर तोंड आणि मान झाका आणि जितकं लांब जाता येईल तितकं जा. रात्री उठल्या तर त्या उजेडाकडे येतात, हेडटॉर्च विझवून तंबूत किंवा जाड चादरीत शिरा. कड्याच्या काठावर अंधारात पळू नका.

रात्री काही गेल्याचं कळलं तर

उजाडेपर्यंत शोधायला निघू नका. रात्र वैऱ्याची असते, आणि बुटासाठी दरीच्या कडेला जाणारा माणूस बुटापेक्षा मोलाचा असतो. सकाळी झोपायच्या जागेपासून सुरुवात करून गोल गोल मोठं वर्तुळ घेत शोधा. कुत्रा किंवा कोल्हा खायला न मिळालेली वस्तू बहुधा जवळच्याच झुडपाशी टाकून देतो. वारा रात्री ज्या दिशेला वाहत होता त्या बाजूच्या झुडपांत हलक्या वस्तू अडकलेल्या असतात. कड्याखाली दिसलेल्या वस्तूसाठी उतरू नका.

बूट गेलाच, तर कॅरीमॅटचा पायाएवढा तुकडा कापा, दोन मोज्यांच्या मध्ये घाला आणि वरून दोरीने घोट्यापर्यंत बांधा. पायथ्यापर्यंत तेवढ्यावर उतरता येतं. गाडीची चावी, औषधं, मोबाईल आणि थोडे पैसे कमरेच्या पाऊचमध्ये, पाऊच स्लीपिंग बॅगच्या आत. गाडीची दुसरी चावी दुसऱ्या माणसाकडे.

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, इतर अनेक गडही वनहद्दीत येतात. मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघायच्या आधी वनखात्याकडे विचारा. ज्या घरी जेवलात तिथे किती जण वर जात आहात आणि कधी उतरणार, हे सांगून ठेवा. काही हरवलं असेल तर उतरल्यावर त्याच घरात वस्तूचा रंग, जागा आणि आपला फोन नंबर लिहून द्या. गुरं घेऊन रोज डोंगरावर जाणाऱ्यांना त्या वस्तू पुढे कधीतरी दिसतात, आणि कोणाच्या आहेत हे माहीत असेल तर ते नक्की कळवतात.